साखीर, बऊर आणि रविवार दुपार

“मामा, साखीरला येतोस का?” असं म्हणत ओंकारने मोबाइल माझ्या ताटाच्या कडेशी धरला, तेव्हा बासुंदीत बुडवलेली पुरी माझ्या हातातच राहिली. दोन-एक वर्षांपूर्वीची भाऊबीज. तळेगावला ताईकडे ओवाळून झालं होतं, पाटाभोवतीची रांगोळी कुणाच्या तरी पायाने फिसकटली होती आणि पंगत रेंगाळली होती. ओंकार माझा भाचा, चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. इंजिनिअरिंगची वर्षं त्याने कॉलेजच्या रेसिंग टीमसोबत वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत काढली. वर्गात किती बसला ते त्याच्या आईला विचारू नये. मोबाइलवर बहारीनच्या साखीर सर्किटवरच्या फॉर्म्युला वन रेसची तिकिटं उघडलेली होती, कुठल्या स्टँडला किती पैसे याचा रंगीत नकाशा. मुंबईहून चार तासांचं विमान, रेस रात्री दिव्यांच्या उजेडात, म्हणजे उन्हाचाही ताप नाही. युरोपातल्या रेस आपल्या खिशाला झेपत नाहीत, ही झेपेल, असा त्याचा हिशोब होता, आणि हिशोब बरोबर होता.

मी म्हटलं, साखीर नको, तिथलं मला पटत नाही. काय पटत नाही, असं त्याने विचारल्यावर मी सुरू झालोच. २०१२ सालची ती रेस, पेट्रोल बॉम्ब, तुरुंगातला उपोषणकर्ता, सगळं. ओंकार ऐकत होता. त्याच्या वयाच्या मुलाला मामाचं भाषण जितकं ऐकवतं तितकं त्याने ऐकलं. ताई पुऱ्यांची परात घेऊन आतून आली, माझ्या पानात दोन पुऱ्या टाकल्या आणि म्हणाली, “बऊरला गोळ्या चालल्या त्या वर्षी तू दिल्लीला गेला होतास ना रे, रेस बघायला? इथूनच गेलास, भाऊबीज करून.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता, भावा-बहिणीत तेवढं चालतं. तिला नुसतं आठवलं, म्हणून ती बोलली आणि पुढच्या पानाकडे वळली. मी निगडीला परत येईपर्यंत, देहूरोडच्या ट्रॅफिकमध्ये, ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मावळात बऊर काय, कुणाला सांगावं लागत नाही. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायचं होतं आणि ते मावळातल्या शेतकऱ्यांना मान्य नव्हतं. धरणासाठी जमिनी आधीच गेल्या होत्या, आता नदीतलं पाणीही नळीत जाणार. लोक एक्सप्रेसवेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण गेले, त्यांत एक बाई होती. ताईचं सासर पवन मावळातलं. दाजी त्या दिवशी रास्ता रोकोला गेले होते आणि रात्री उशिरापर्यंत त्यांचा फोन लागत नव्हता. मी इकडे निगडीत टीव्हीसमोर बसलो होतो. ज्या रस्त्यावरून आपण दीड तासात मुंबई गाठल्याच्या बढाया मारतो, त्या रस्त्यावर माणसं धावत होती, दुभाजक ओलांडून शेताकडे पळत होती, आणि तो रस्ता एकाएकी फार रुंद दिसत होता. मध्येच उठून मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो. पवनेचंच पाणी. आमच्या नळाला तेव्हा दुसरं येत नव्हतं. पाइपलाइन होणार होती ती माझ्या नळासाठी, आणि माझा दाजी ती अडवायला गेला होता. त्या रात्री हे असं सरळ शब्दांत मनात आलं नव्हतं, नुसतं घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटलं होतं. दाजी साडेअकराला घरी पोचले. त्यानंतर पाइपलाइनचं काम थांबलं ते वर्षानुवर्षं थांबूनच राहिलं.

आणि अडीच महिन्यांनी, ताईच्या घरून फराळाचा डबा घेऊन, मी झेलम एक्सप्रेस पकडली.

त्या सहलीबद्दल मला आजही कसंनुसं वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. भारतात फॉर्म्युला वनची रेस होणार, हे आमच्या पिढीतल्या रेसवेड्यांनी स्वप्नात पाहिलेलं होतं. केबलवाल्याच्या मेहेरबानीवर रविवारची दुपार अवलंबून असायची. नेमक्या शेवटच्या लॅपला चित्राला मुंग्या येणार आणि आम्ही जिन्यातून खाली त्याच्या घरी पळत जाणार. नारायण कार्तिकेयन २००५ साली पहिल्यांदा त्या रांगेत उभा राहिला तेव्हा आकुर्डीत आम्ही पेढे वाटले होते, तो शेवटून कितवा येतो याचं आम्हाला काही नव्हतं. २००८ साली फोर्स इंडिया आली. कारखाना इंग्लंडात, ड्रायव्हर परदेशी, पण गाडीवर तिरंगी पट्टे, एवढं पुरेसं होतं. आमच्या गावात गाड्या बनतात. भोसरी, चिंचवड, आकुर्डीत शेजारीपाजारी कुणी गिअर कापतं, कुणी पिस्टनवर हात फिरवून खोट सांगतं, आणि गाडी जोरात पळवण्याच्या खेळात मात्र आपलं कुणी नाही, याची एक बारीक सल होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०११ला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटच्या स्टँडमध्ये बसलो तेव्हा गर्दीत मी एकटा नव्हतो, अख्खी आकुर्डी माझ्यासोबत होती असं वाटत होतं.

तो आवाज टीव्हीवर कधीच कळला नव्हता. तेव्हाची इंजिनं २.४ लिटरची, आठ सिलिंडरची, मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारी. तो आवाज कानांना नंतर कळतो, आधी बरगड्यांना कळतो. हवेत धूळ होती, दिल्लीकडच्या ऑक्टोबरात असते तशी पिवळट, आणि त्या धुळीत तापलेल्या रबराचा वास मिसळत होता. आदल्या पंधरवड्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली हे दोन शर्यतपटू दोन वेगवेगळ्या ट्रॅकवर गेले होते. त्यांच्यासाठी रेसआधी मिनिटभर शांतता पाळली गेली, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत आपल्या लोकांनी ती खरंच पाळली. फेटेल जिंकला, सचिनने चौकटीचा झेंडा हलवला, मुख्यमंत्री मायावतींनी चषक दिला. सगळं टाळ्यांच्या गजरात. परतताना बसच्या खिडकीतून शेतं दिसली. काही ठिकाणी कापणी झालेली, काही ठिकाणी नुसते खांब आणि तारा, जमीन पडीक.

त्याच जिल्ह्यात, मे महिन्यात, भट्टा-पारसौल गावात जमीन संपादनावरून शेतकरी आणि पोलिस भिडले होते. दोन पोलिस आणि दोन शेतकरी मेले. सर्किटच्या आसपासचे शेतकरीही वाढीव मोबदल्यासाठी भांडत होते, रेस होऊ देणार नाही म्हणून इशारे देत होते. मी पुण्यात हे सगळं वाचलं होतं. तरी बसच्या खिडकीतून त्या पडीक जमिनीकडे पाहताना मला भट्टा-पारसौल आठवलं नाही आणि बऊरही आठवलं नाही. आठवत होता तो सतराव्या क्रमांकावर आलेला कार्तिकेयन. जिल्ह्याचं नाव गौतम बुद्ध नगर, ट्रॅकचं नाव बुद्ध. नाव ठेवणाऱ्याला गंमत सुचली असेल असं वाटत नाही.

पण माझ्या डोक्यात खरा घोळ घातला तो आणखी एका गोष्टीने. ती ३० ऑक्टोबर तारीख काही दिवस आपली नव्हतीच. बहारीनमध्ये त्या वर्षीची पहिली रेस मार्चमध्ये ठरलेली होती. फेब्रुवारीत राजधानी मनामाच्या मोती चौकात लोक जमले, निवडून आलेलं सरकार मागू लागले. १७ तारखेच्या पहाटे झोपलेल्या लोकांवर पोलिस चालून गेले, माणसं मेली, आणि मग युवराजांनी रेस सोडून दिल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये सौदीच्या नेतृत्वाखालच्या फौजा पूल ओलांडून आल्या आणि चौकातला तो मोत्याचा स्तंभच सरकारने पाडून टाकला. खुद्द सर्किटवर काम करणाऱ्या काही लोकांना अटक झाली. तरीही जागतिक मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, आपला प्रतिनिधी तिकडे पाठवला, त्याला सगळं ठीकठाक दिसलं, आणि जूनमध्ये बहारीनची रेस ३० ऑक्टोबरला ठेवून भारताची डिसेंबरात ढकलण्यात आली. आम्ही इकडे चिडलो. आमची तारीख पळवली, म्हणून चिडलो. तिकडे काय चाललंय म्हणून नव्हे. ड्रायव्हरांपैकी मार्क वेबर माणुसकीच्या बाजूने उघड बोलला. संघांनी पत्र लिहून नकार दिला, त्यात बराचसा भर सामानाची ने-आण आणि लांबलेला मोसम यांवर होता. आठवडाभरात निर्णय फिरला आणि आमची तारीख आम्हाला परत मिळाली. मी ज्या रविवारी स्टँडमध्ये ओरडत होतो, तो रविवार मला मोती चौकातल्या लोकांमुळे मिळाला होता असंही म्हणता येईल. म्हणवत नाही, पण म्हणता येईल.

पुढच्या वर्षी मात्र एप्रिलमध्ये रेस झालीच. “एक राष्ट्र, एक उत्सव” अशा अर्थाची घोषणा फलकांवर होती. अब्दुलहादी अल-ख्वाजा नावाचा मानवी हक्कांसाठी लढणारा माणूस, जन्मठेप झालेला, फेब्रुवारीपासून तुरुंगात उपाशी होता. १९८९ साली शनिवारवाड्यासमोर संपकरी कामगार उपोषणाला बसले होते ते मी वडिलांच्या बोटाला धरून पाहिलं आहे. दहाव्या दिवसापर्यंत माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं ते लहान मुलालाही कळतं. ख्वाजाचं उपोषण एकशे दहा दिवस चाललं, मध्ये बळजबरीने अन्न घालण्यात आलं. रेसच्या आठवड्यात फोर्स इंडियाचे मेकॅनिक भाड्याच्या गाडीतून हॉटेलला परतताना चकमकीत अडकले आणि पेट्रोल बॉम्ब त्यांच्या जवळ फुटला. संघातले दोघे जण मायदेशी परतले. अंधार पडायच्या आत हॉटेलवर पोचता यावं म्हणून संघाने शुक्रवारचा दुसरा सराव सोडला. आणि शनिवारी पात्रता फेरीत टीव्हीवर फोर्स इंडियाच्या गाड्या जवळजवळ दिसल्याच नाहीत, हे जगभरच्या प्रेक्षकांच्या लक्षात आलं. मी त्या दुपारी टीव्हीसमोर होतो. आपल्या तिरंगी पट्ट्यांची गाडी शोधत होतो. वेळपत्रकात त्यांची एक गाडी वरच्या दहात दिसत होती, पडद्यावर गाड्या मात्र दुसऱ्यांच्याच. त्याच शनिवारी शखूरा गावात एका घराच्या गच्चीवर आदल्या रात्रीच्या निदर्शनांतल्या एका माणसाचं प्रेत सापडलं. रविवारी फेटेल जिंकला. आमचा पॉल डी रेस्टा सहावा आला, आणि मी टाळी वाजवली. हात आपोआप उठतो.

या सगळ्यात ‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचाच राग येऊ लागला. कारण आणलं कुणी? ख्वाजाने रेस मागवली नव्हती. मोती चौकातल्या पोरांनी फेटेलला आवतण दिलं नव्हतं. रेस आणण्यासाठी सरकारं प्रचंड पैसे मोजतात ते काही टायरच्या वासासाठी नव्हे. घरात भांडण पेटलेलं असताना पाहुणे येणार म्हटल्यावर सगळा पसारा कपाटात कोंबून वर नवी चादर टाकतात, तसला तो प्रकार असतो. पाहुण्याने फक्त सरबत घ्यायचं आणि घर किती छान आहे म्हणायचं. फॉर्म्युला वन हा असा पाहुणा आहे की जो सरबताचेही पैसे घेतो. रेस झाली म्हणजे रस्ते मोकळे आहेत, हॉटेलं भरली आहेत, दिवे लागले आहेत, म्हणजे देश शांत आहे. हे प्रशस्तिपत्र देणारे ड्रायव्हर स्वतःला राजकारणापासून दूर समजतात, याची मला मौज वाटते.

हे काही आजचं नाही. १९५८ साली क्यूबात हुकूमशहा बातिस्ताने हवानाच्या समुद्रकिनारी रेस भरवली ती आपलं राज्य कसं ठणठणीत आहे ते दाखवायला. आदल्या संध्याकाळी कास्त्रोच्या माणसांनी हॉटेलातून पाच वेळचा जगज्जेता फान्जिओ यालाच पळवून नेलं. रेस तरीही झाली. एक गाडी घसरून गर्दीत घुसली, प्रेक्षक मेले. फान्जिओला मग सुखरूप सोडण्यात आलं आणि त्याला चांगलं वागवलं होतं असं तो स्वतः सांगत राहिला. जगाला क्यूबातल्या बंडखोरांची ओळख बातिस्ताच्याच रेसने करून दिली. १९८५ साली दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला रेस होती, शनिवारी. देशात आणीबाणी लागलेली होती. शुक्रवारी पहाटे प्रिटोरियात बेंजामिन मोलोइस या तरुण कवीला फाशी दिलं. रेनो आणि लिजिए हे दोन फ्रेंच संघ आलेच नाहीत. काही प्रायोजकांनी गाड्यांवरची आपली नावं काढून घेतली, गाड्या मात्र पळू दिल्या. नाव काढायचं आणि गाडी पळवायची, याहून सोयीचा निषेध मी ऐकलेला नाही. मॅन्सेल जिंकला. त्यानंतर तिथली रेस बंद झाली ती १९९२पर्यंत, मंडेला तुरुंगातून बाहेर आल्यावर ती परत आली, आणि तेव्हाही मॅन्सेलच जिंकला. निकालांच्या तक्त्यात त्या दोन ओळी अगदी सारख्या दिसतात.

मग रेस रद्दच करावी का दर वेळी? इथे माझं मलाच नीट जमत नाही. २००८च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर घरी गेलेला इंग्लंडचा क्रिकेट संघ परत आला आणि चेन्नईला कसोटी खेळला. सचिनने शेवटच्या डावात नाबाद शतक ठोकून ३८७ धावा पार करून दिल्या, तेव्हा पुण्यातल्या आमच्या ऑफिसात धडधाकट माणसं रडत होती. त्या वेळी कुणी म्हणालं असतं की असल्या दिवसांत खेळ कसला, तर आम्ही त्याला उभं केलं नसतं. चेन्नई आणि बहारीन यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता, आता थोडासा कळतो. चेन्नईत मार खाल्लेलाच यजमान होता, पाहुणे त्याच्या दारी आले. बहारीनमध्ये मारणारा यजमान होता. घाव कुणाच्या अंगावर आणि आमंत्रणपत्रिका कुणाच्या हातात, एवढंच मी आता बघतो. पेट्रोल बॉम्ब कुठे फुटला, रस्ता सुरक्षित आहे का, ड्रायव्हर सुखरूप परततील का, हे प्रश्न माझ्या लेखी नंतरचे. संयोजक मात्र नेमके तेच आधी विचारतात, आणि त्यांची उत्तरं बंदूक असलेल्याकडून मिळवतात, म्हणून उत्तर नेहमी ‘सुरक्षित’ असंच येतं.

ही कसोटी सगळीकडे लागू पडते असंही नाही. २०२२च्या मार्चमध्ये सौदी अरेबियात जेद्दाला पहिला सराव चालू असताना ट्रॅकपासून काही किलोमीटरवर तेलाच्या साठ्यावर येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं. काळ्या धुराचा खांब दिव्यांच्या वर उठला. मॅक्स व्हर्स्टॅपेनने गाडीतून रेडिओवर विचारलं, जळाल्याचा वास येतोय, माझ्या गाडीचा आहे का? त्या रात्री ड्रायव्हर दोन वाजून गेले तरी बैठकीत होते, आणि रविवारी सगळे रेसला उभे राहिले. इथे यजमानावर हल्ला झाला होता हे खरं. पण तोच यजमान सात वर्षं येमेनवर बॉम्ब टाकत होता, आणि दोनच आठवड्यांपूर्वी त्याने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला होता. मग इथे मार खाणारा कोण? माझ्याकडे उत्तर नाही. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि दुसऱ्याच दिवशी सोचीची रेस होणार नाही म्हणून जाहीर झालं. एका दिवसात. बहारीनच्या वेळी ‘आम्ही खेळवाले, आम्हाला राजकारणातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांना चोवीस तासांत सगळं कळलं. योग्यच केलं त्यांनी. फक्त मनामाच्या चौकातल्या लोकांनी ती बातमी वाचताना काय म्हटलं असेल, हे माझ्या मनात आलं.

रेस व्हावी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला झटकता येत नाही. २०१२ची ती रेस झाली नसती तर ख्वाजाचं नाव निगडीतल्या माझ्यासारख्याला कळलं असतं का? नसतं कळलं. बातमीदारीसाठी यायला निघालेल्या अनेक पत्रकारांना तेव्हा व्हिसा नाकारला गेला, पण खेळाच्या पानावर लिहिणारे तिथे होतेच, आणि त्यांच्यापैकी काहींनी टायरबद्दल लिहायचं सोडून गावागावांत जाऊन जे दिसलं ते लिहिलं. ते मी वाचलं. रेस हा भोंगा आहे. राजाने लावला तरी त्यातून शेजारचाही ओरडू शकतो, जसे हवानात ओरडले. फक्त, ओरडल्यावर त्याचं पुढे काय होतं? पाहुणे सोमवारी विमानात बसतात. फान्जिओ घरी गेला. ख्वाजा तुरुंगातच राहिला.

माझ्या आठवणीत जळक्या रबराचे दोन वास आहेत. एक नोएडाचा, गोडसर, वळणावर गाड्या ब्रेक मारतात तिथून येणारा. दुसरा चाकणचा. ३० जुलै २०१८ला आरक्षणाच्या आंदोलनात चाकण पेटलं, बसेस जाळल्या, तेव्हा मी कामानिमित्त नाशिक रस्त्याने चाकणकडे जात होतो आणि मोशीच्या अलीकडेच अडकलो. वाऱ्यावर तो वास आला. तोही रबराचाच, पण त्याने घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि शर्टाला दोन धुण्यांनंतरही राहतो. माझ्या पुढे कारचे भाग घेऊन निघालेला एक कंटेनर होता. त्याचा चालक उतरून रस्त्याकडेच्या बंद टपरीच्या फळीवर बसला होता आणि लोकांना सांगत होता, माझं माल पोचवायचं टायमिंग होतं. चिडला नव्हता. पुढे जाळणारेही त्याला ओळखीचे असल्यासारखे वाटत होते, त्याच्याच गावाकडच्या पोरांसारखे. समजा त्या आठवड्यात चाकणला एखादी मोठी आंतरराष्ट्रीय रेस ठरलेली असती, तर? सरकारने ती रेटून घडवली असती, कंपन्यांनी तंबू टाकले असते, आणि आपण पुणेकरांनी, मी धरून, ‘झालं ते झालं, पाहुण्यांसमोर शोभा नको’ असंच म्हटलं असतं. हे मला खात्रीने वाटतं. आपलं गाव पाहुण्यांच्या बाबतीत फार हळवं आहे. घरच्यांच्या बाबतीत कमी.

ओंकार शेवटी मित्रांसोबत साखीरला गेला. मी त्याला अडवलं नाही, तो काही लहान नाही आणि मी काही त्याला पैसे देणार नव्हतो. त्याने व्हिडिओ पाठवले. रात्री वाळवंटात दिव्यांनी उजळलेला तो ट्रॅक, पहिल्या वळणावर वीस गाड्यांची एकच झुंबड, मागे त्याच्या मित्रांचं मराठीत ओरडणं. सुंदर होतं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. परत आल्यावर मी विचारलं, रस्त्यात काही दिसलं का रे? तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काय दिसणार मामा, विमानतळापासून सर्किटपर्यंत सरळ हायवे आहे.” एक्सप्रेसवेवरून मुंबईला जाणाऱ्याला बऊर तरी कुठे दिसतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तो मुलगा त्या गावापासून दहा-बारा मैलांवर वाढलाय, त्याला ते मी सांगावं असं नव्हतं. त्याच्या बापाला विचारलं तर दाजी आजही त्या दिवसाबद्दल दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. एक वाक्य पोलिसांबद्दल असतं, दुसरं पाण्याबद्दल. मी समोर असलो की दुसरं वाक्य ते गाळतात, हे माझ्या हल्ली लक्षात आलंय.

अधूनमधून बातमी येते की नोएडाचा ट्रॅक पुन्हा जागा होणार, फॉर्म्युला वन परत येणार. २०१३नंतर ती आली नाही, करमणूक कराच्या भांडणात आणि पैशांच्या अडचणींत अडकली. शेतकऱ्यांच्या मोबदल्यामुळे ती बंद पडली असं कुणी म्हणत नाही. बातमी आली की ओंकार मला दुवा पाठवतो आणि खाली एक हसरं तोंड टाकतो. मागच्या वेळी मी त्याला लिहिलं, आली तर जाऊ, पण या वेळी दोन दिवस आधी निघू; रेसच्या आधी आजूबाजूच्या गावांत जाऊ, मोबदल्याचं काय झालं ते तिथल्या माणसांना विचारू, बापालाही सोबत घे. त्याचं उत्तर आलं, “बाबा येणार नाहीत, पण आई म्हणते मी येते.” ताईला रेसमधलं ओ की ठो कळत नाही. तिला त्या गावांत जाऊन बायकांशी बोलायचं आहे, पाण्याचं कसं करता म्हणून. रेसच्या दिवशी ती हॉटेलवर झोपणार, असंही तिने सांगून टाकलंय. म्हणजे तिकिटं दोनच काढायची.